लुटुपुटीचे शस्त्र : हास्य, दंड आणि संमती

मराठीतील विनोदविचार प्रामुख्याने शब्द, प्रसंग आणि स्वभाव या तीन आश्रयस्थानांभोवती फिरत राहिला आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या लेखनाच्या निमित्ताने विनोदाची जी चर्चा सुरू झाली आणि न. चिं. केळकरांनी 'हास्यविनोदमीमांसे'त जिला शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला, तिच्यातून शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ अशी त्रिविध वर्गवारी रूढ झाली. (उत्तरपत्रिकेत ती सोयीची ठरते, हेही तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण असावे.) या वर्गवारीत वस्तूला स्वतंत्र स्थान नाही. विदूषकाची वाकडी काठी, बहुरूप्याचा दंडुका, व्यंगचित्रातले लाटणे यांच्याकडे विनोदाची सामग्री म्हणून पाहिले जाते; त्या वस्तूंमुळे हास्याविषयी काही वेगळा प्रश्न उपस्थित होतो, असे सहसा मानले जात नाही.

तो प्रश्न उपस्थित होतो, कारण या सर्व वस्तू शस्त्रे आहेत. शस्त्र म्हणजे इजा करण्याचे साधन. ज्या शस्त्राने इजा होत नाही आणि तरीही जे उगारले जाते, ज्याचा वार पडतो आणि पाहणारा हसतो, त्याचे स्वरूप काय? अ‍ॅरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त हास्यास्पदाची व्याख्या करताना वेदना आणि विनाश यांच्या अभावाची अट घातली आहे. विनोदी मुखवटा विद्रूप असतो, पण त्या विद्रूपतेत वेदना नसते. ही अट पुढच्या जवळजवळ प्रत्येक हास्यमीमांसेने या ना त्या रूपात मान्य केली. बेर्गसाँने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हास्यविषयक ग्रंथात तीच अट पाहणाऱ्याच्या अंतःकरणाकडे सरकवली : हसण्यासाठी हृदयाला घटकाभर बधिरता यावी लागते. या दोन विधानांत फार मोठे अंतर आहे. वेदना नाही म्हणून हसू येते, असे एक सांगतो. वेदना जाणवेनाशी झाली म्हणून हसू येते, असे दुसरा. विनोदी शस्त्राचा सारा नैतिक प्रश्न या अंतरात सामावलेला आहे.

मराठीत या व्यवहाराला एक नेमकी म्हण आहे : तू मारल्यासारखे कर, मी रडल्यासारखे करतो. ती बहुधा संगनमताच्या निंदेसाठी वापरली जाते. तथापि तिच्यातील दोन क्रियापदांकडे लक्ष दिल्यास वेगळी गोष्ट दिसते. 'मारल्यासारखे' एकट्याला करता येत नाही. समोरच्याने 'रडल्यासारखे' करण्याचे मान्य केले तरच पहिल्याचे मारणे लुटुपुटीचे ठरते. त्याने मान्य केले नाही, किंवा मान्य केल्यानंतर ते मागे घेण्याची त्याला सोय राहिली नाही, तर पहिल्या वाक्यांशातील 'सारखे' गळून पडते. वेदनाहीनता हा वस्तूचा गुण नसून दोघांमधील कराराची फलश्रुती आहे, आणि त्या कराराचे मर्म मार खाणाऱ्याला 'पुरे' म्हणता येण्यात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन तपासण्यासाठी प्रथम एक परके उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. परके अशासाठी, की त्यात विनोदी शस्त्र जवळजवळ शुद्ध, सामाजिक संदर्भातून सोडवलेल्या अवस्थेत आढळते. जपानमध्ये जाड कागदाच्या घड्या घालून केलेल्या पंख्यासारख्या वस्तूला हारिसेन म्हणतात. कोदान या तेथील कथाकथनपरंपरेत कथेकरी समोरच्या लहानशा मेजावर घडीच्या पंख्याचा ठोका देत कथा रंगवतो. हारिसेन त्याच कुळातले. मान्झाई या दोघांच्या विनोदी संवादप्रकारात आणि विनोदी प्रहसनांत एक जण वेडगळ बोलत जातो, दुसरा त्याला भानावर आणतो, आणि हे भानावर आणणे कधी कधी डोक्यावर हारिसेन हाणून होते. आवाज मोठा, इजा नाममात्र. युरोपातील 'कॉमेदिया देल्लार्ते'मधील अर्लेकिनो नावाच्या नोकराच्या हाती दोन चपट्या फळ्यांची जी काठी असे, तिचीही रचना हीच : फळी फळीवर आपटून फटकन आवाज व्हावा, पाठ मात्र शाबूत राहावी. विनोदी शस्त्राचे तंत्र आवाज आणि वेदना यांची फारकत करण्यात आहे. कान घाबरतो, अंगाला कळते की काही झाले नाही, आणि या दोन साक्षींच्या विसंगतीतून हसू फुटते. मात्र एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अर्लेकिनोची काठी नोकराच्या हाती असते. हारिसेन शहाण्याच्या हाती असते आणि मार वेडगळाला बसतो.

हाच हारिसेन १९९९ साली निन्टेन्डो कंपनीच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या झुंजीच्या व्हिडिओ गेममध्ये एक शस्त्र म्हणून आला. पुढे २००१ च्या 'मेली' आणि २००८ च्या 'ब्रॉल' या भागांतही तो होता, नंतरच्या भागांतून तो गेला. मासाहिरो साकुराई यांनी घडवलेल्या या मालिकेत हिंसेचे स्वरूपच लुटुपुटीचे आहे. पहिल्या भागाच्या आरंभी एक हातमोजा खेळण्यांच्या पेटीतून बाहुल्या काढून मेजावर मांडतो. लढतात त्या या बाहुल्या. रक्त सांडत नाही, जखम होत नाही. बसलेल्या माराचा आकडा टक्क्यांत वाढत जातो आणि आकडा वाढेल तसे पात्र धक्क्याने अधिक दूर उडते. अशा खेळात तलवारी आणि स्फोटके यांच्या शेजारी कागदी पंखा ठेवणे म्हणजे विनोदातला विनोद. त्याच्या एका फटक्याने आकडा जेमतेम वाढतो.

परंतु त्याच पंख्याला खेळाच्या रचनाकारांनी दोन गुण दिले आहेत. तो अतिशय जलद चालतो. प्रतिस्पर्ध्याला गाठून फटक्यामागून फटका देत राहिल्यास त्याला सावरण्याचा अवसरच मिळत नाही. दुसरे म्हणजे, बचावाची ढाल पंख्याच्या माराने फार लवकर फुटते, आणि ढाल फुटलेले पात्र काही काळ झोकांड्या खात असहाय उभे राहते. सर्वांत कमी इजा करणारे शस्त्र सर्वांत अधिक अडकवून ठेवणारे शस्त्र ठरते. बाहुलीला दुखत नाही, हे खरे. पण बाहुलीमागे एक खेळाडू आहे, आणि तो बहुधा त्याच खोलीत, त्याच बैठकीवर शेजारी बसलेला मित्र आहे. पहिल्या फटक्याला तोही हसतो. दहाव्या फटक्याला त्याच्या हातातली कळ निरुपयोगी झालेली असते, आणि हसणारा एकच उरलेला असतो. वस्तू बदललेली नाही, वेदनेचे प्रमाण बदललेले नाही; बदलली आहे ती 'पुरे' म्हणण्याची शक्यता. येथे आक्षेप घेतला जाईल की खेळ तो खेळ, त्याचे नियम त्याच्यापुरते. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा सिद्धांत मराठी समीक्षेने एके काळी इतक्या निष्ठेने सांभाळला आहे, की हा आक्षेप अपरिचित वाटू नये. पण खेळाची स्वायत्तता खेळणाऱ्यांच्या प्रवेशावर आणि निर्गमनावर उभी असते. निर्गमन बंद झाले की उरतो तो नुसता नियम.

मराठी विनोदातील हारिसेन कोणता, असे विचारले तर उत्तर लाटणे असे द्यावे लागेल. दिवाळी अंकांतील व्यंगचित्रांत दाराआड लाटणे घेऊन उभी असलेली बायको आणि उशिरा घरी परतणारा, चपला हातात घेतलेला नवरा यांची संख्या मोजण्यापलीकडची आहे. हे चित्र हसवते, कारण लाटणे हे पोळीचे साधन आहे. शस्त्र म्हणून त्याची नेमणूक विसंगत आहे. परंतु विसंगतीचा दुसरा, न बोललेला थर असा, की घरातील मारहाणीची नेहमीची दिशा नेमकी उलटी असते. तिच्यासाठी २००५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. जिला मार बसण्याचा संभव अधिक, तिच्या हाती काल्पनिक शस्त्र देऊन प्रत्यक्षातला मार दृष्टीआड करण्याचे काम हे चित्र वर्षानुवर्षे करीत आले. तिला त्या चित्रात कोणी विचारले नव्हते. १९७२ नंतर मुंबईत महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या आणि 'लाटणे मोर्चा' हा शब्द मराठीत रुजला, तेव्हा त्यांनी केलेली गोष्ट केवळ राजकीय नव्हती. तो एका चिन्हाचा ताबा होता. व्यंगचित्रातले शस्त्र ज्यांच्या हाती परस्पर दिले गेले होते, त्यांनी ते आपणहून उचलले. लाटण्याने कोणाला इजा झाली नाही. पण त्या लाटण्याला हसणे अवघड झाले. ते पुन्हा हास्यचित्रात परतले, हे मराठी विनोदाच्या चिकाटीचे लक्षण म्हणावे की विस्मृतीचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

लाटण्याच्या उदाहरणात शस्त्र धरणारी स्त्री विनोद करणाराची निर्मिती आहे. ज्याच्या हाती शस्त्र आहे तोच विनोद करणारा आहे आणि तोच दोघांतला दुबळाही आहे, अशी स्थिती कोठे सापडते? ती बहुरूप्याच्या दंडुक्यात सापडते. जालना जिल्ह्यासारख्या, १९८१ साली स्वतंत्र झालेल्या आणि त्याआधी औरंगाबाद, परभणी यांच्यात विभागलेल्या प्रदेशात भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी या तालुक्यांच्या गावांना बहुरूपी किंवा रायरंद ही व्यक्ती नवी नाही. सुगी उरकली, माल घरात आला, की तो येतो. देवादिकांची, साधूंची सोंगे त्याच्याजवळ असतात. पण त्याच्या हमखास सोंगांपैकी एक पोलिसाचे. खाकी सदरा, टोपी, पट्टा आणि हातात दंडुका. तो ओट्यापाशी उभा राहून घरधन्यावर न घडलेल्या गुन्ह्याचा आरोप ठेवतो, वॉरंट निघाल्याचे सांगतो, अखंड, यमकांनी खच्चून भरलेल्या भाषेत त्याला ठाण्यावर चलण्याचा हुकूम देतो, आणि अखेर तडजोडीला तयार होतो. तडजोड म्हणजे पायलीभर धान्य किंवा चार पैसे.

'दंड' हा शब्द येथे जे काम करतो ते कोणत्याही सिद्धांतकाराच्या योजनेपेक्षा नेमके आहे. दंड म्हणजे काठी. दंड म्हणजे शिक्षा. दंड म्हणजे शिक्षेपोटी वसूल केलेली रक्कम. राज्यसत्तेच्या शास्त्राला जुन्या परंपरेत दंडनीती म्हटले जाई, ते या तिन्ही अर्थांना कवेत घेऊन. बहुरूपी हे तिन्ही अर्थ उचलतो आणि तिघांचेही सोंग करतो : दंड दाखवून तो दंड देण्याची धमकी देतो आणि दंड म्हणून भिक्षा घेतो. सत्ता जे भीतीने वसूल करते ते तो हसवून मागतो. या देवघेवीत सत्तेच्या व्यवहाराचे मूळ स्वरूप, म्हणजे काठी आणि वसुली यांचे नाते, उघडे पडते. आणि ते उघडे पाडणारा स्वतः वसुलीवरच जगतो, हा त्यातील उपरोध.

'पुरे' म्हणण्याचा अधिकार या प्रसंगात कोणाकडे आहे, हे पाहिले की हा विनोद हारिसेनच्या विनोदाहून किती निराळा आहे ते कळते. शस्त्र बहुरूप्याच्या हाती आहे, पण तो अंगणात उभा आहे. 'आरोपी' ओट्यावर बसलेला आहे. 'पुढे जा' हे दोन शब्द उच्चारले की अटक, वॉरंट, ठाणे सारे विरून जाते. मार खाणाऱ्याच्या मुठीत संपूर्ण खेळ आहे. म्हणूनच गावकरी मनमोकळे हसू शकतात, आणि त्यांच्या हसण्यात बधिरतेचा अंश फारसा नसतो. मात्र येथे थांबून भागत नाही. करार दोघांचा असतो, आणि दुसऱ्या बाजूला 'पुरे' म्हणणे कितपत शक्य आहे? बहुरूप्याला सोंग आवरते घ्यायचे असेल तर त्याला धान्यावर पाणी सोडावे लागते. शासनाच्या यादीत बहुरूपी ही भटक्या जमातींपैकी एक जात आहे. सोंग ही त्याची हौस नसून वाट्याला आलेली वृत्ती आहे. ज्याच्या हाती शस्त्र त्यालाच संमतीचा पर्याय अपुरा, असा हा विलक्षण प्रसंग आहे. हास्याच्या तत्त्वचर्चेत हसणाऱ्याच्या आणि हसे होणाऱ्याच्या संमतीचा विचार क्वचित होतो. हसवणाऱ्याच्या भुकेचा तर होतच नाही.

कायद्याने या भुकेकडे कसे पाहिले, हे लक्षणीय आहे. मुंबई राज्यात १९५९ साली झालेल्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याची व्याख्या करताना सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे ही भिक्षेची निमित्ते त्या व्याख्येत ओढून घेतली. कलेकडे कायदा येथे बतावणी म्हणून पाहतो. याउलट, लोकसेवकाचा गणवेश घालण्याच्या गुन्ह्यात भारतीय दंड संहितेचे कलम १७१ कपटी हेतूची अट घालत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २०५ झाले. सोंग ओळखता यावे म्हणूनच केलेले असते, त्यात फसवणुकीचा हेतू नसतो. गणवेशाच्या कायद्याला हा भेद कळतो, भिक्षेच्या कायद्याला कळत नाही. बहुरूप्याने पोलिसाचे सोंग केले म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही, त्या सोंगावर पोट भरले म्हणून ठरू शकतो. खोट्या दंडाला खऱ्या दंडाचे भय कोठून आहे, ते यावरून दिसते.

आणि भय केवळ कायद्याचे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावाने ठार मारले. ते बहुरूपी नव्हते, त्यांच्या हाती कसले शस्त्र नव्हते. परंतु अनोळखी वेश धारण करून दारोदार फिरण्याला गावाने पिढ्यान्‌पिढ्या जी मुभा दिली होती ती एका अफवेने रद्द होऊ शकते, एवढे त्या घटनेने दाखवून दिले. बहुरूप्याचे संरक्षण त्याचे सोंग ओळखले जाण्यात आहे. एकनाथांनी पैठणला बसून वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगे भारुडांत घेतली, तेव्हा ऐकणाऱ्याला ती माणसे नावागावासकट परिचित होती. ओळखणारे डोळे उरले नाहीत, तर सोंगाचा दंडुका आणि चोराचा दंडुका यांत फरक कोण करणार?

उलट दिशेनेही हाच विचार करावा लागतो. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी उपोषण चालू असताना पोलिसांनी लाठीमार केला; आंदोलक जखमी झाले, पोलीसही जखमी झाले, आणि पुढे शासनाच्या वतीने त्याबद्दल क्षमा मागितली गेली. त्या प्रसंगाची राजकीय चिकित्सा हा या लेखाचा विषय नाही. विषय एवढाच, की ज्या परिसराने खरी लाठी पाहिली तेथे खोट्या लाठीचा अर्थ पूर्वीचा राहील काय? अ‍ॅरिस्टॉटलची वेदनाहीनतेची अट वस्तूपुरती वाचली तर उत्तर सोपे आहे : दंडुका तोच, इजा तेव्हाही नव्हती, आताही नाही. पण चिन्हाचा अर्थ इतर चिन्हांशी असलेल्या त्याच्या भेदातून निष्पन्न होतो, हे संरचनावादाने शिकवले आहे. खोटा दंडुका 'खोटा' ठरतो तो खऱ्याच्या तुलनेत, आणि ती तुलना करण्याइतके अंतर असावे लागते. ज्याच्या पाठीवर वळ ताजा आहे त्याला हे अंतर सापडेलच असे नाही. त्याने न हसण्याला रसिकतेचा अभाव म्हणता येणार नाही. किंवा कदाचित तोच सर्वांत मोठ्याने हसेल, कारण सत्तेच्या काठीला बोथट झालेली पाहण्याची गरज त्याला इतरांहून अधिक आहे. या दोन शक्यतांपैकी एक निवडण्याचा अधिकार समीक्षकाचा नाही. तो त्या पाठीचा आहे.

अंबडला लागून असलेल्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. 'दासबोधा'त त्यांनी मूर्खांची लक्षणे सविस्तर सांगितली आणि विनोदाची आवड टवाळांच्या खात्यावर मांडली. त्या एका चरणाचा आधार घेऊन मराठीत विनोदाची पुष्कळ अवहेलना झाली. रामदासांची बाजू नीट समजून घेतल्यास ती इतकी कोरडी नाही. थट्टेने माणूस दुखावतो आणि दुखावलेला माणूस मनात डूख धरतो, हा लोकव्यवहाराचा अनुभव त्यामागे आहे. थट्टा वेदनाहीन असते, या गृहीतकावर त्यांचा विश्वास नाही, इतकेच. सज्जनगडावर त्यांच्या वस्तूंत एक कुबडी दाखवतात, जिच्या पोटात गुप्ती आहे. विनोदी शस्त्राचे हे अचूक प्रतिरूप म्हणता येईल. बहुरूप्याच्या हातातील वस्तू शस्त्र दिसते आणि नसते. कुबडी शस्त्र दिसत नाही आणि असते. दोन्हींत दिसणे आणि असणे यांची फारकत आहे, पण पहिलीत ती पाहणाऱ्याला सांगितलेली आहे, दुसरीत त्याच्यापासून राखलेली. पुष्कळशी सभ्य थट्टा या दुसऱ्या जातीची असते : हाती कुबडी, आणि लागले की 'अहो, गंमत केली'. 'गंमत केली' हे वाक्य मारणाऱ्याने मागाहून उच्चारलेले असते, हे विसरता कामा नये. करार वारानंतर लिहिता येत नाही.

हा विचार संस्कृत रंगभूमीला अपरिचित नव्हता. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त रंगावर शस्त्राने प्रत्यक्ष छेद, भेद करू नये, रक्त वाहू देऊ नये, वार केवळ संकेताने दाखवावा, असा निर्बंध आहे. त्या अर्थी नाट्यातील प्रत्येक शस्त्र लुटुपुटीचेच. विदूषकाचे दंडकाष्ठ कवठ, बेल किंवा वेळू यांचे, वाकडे असावे, असेही तेथे सांगितले आहे. सरळ काठी राजदंड होऊ शकते. वाकडी काठी काही होऊ शकत नाही. कालिदासाने या वाकड्या काठीचे दोन उपयोग करून दाखवले. 'मालविकाग्निमित्रा'त विदूषक गौतम पेंगत बसलेला असताना निपुणिका त्याचीच काठी त्याच्या अंगावर टाकते. काठी सापासारखी वाकडी, आणि विदूषक सापाला भिणारा. स्वतःच्या शस्त्राने घाबरून तो ओरडत उठतो. प्रहसनाचा हा उत्तम नमुना आहे, आणि त्यात डंख नाही, कारण पुढच्याच क्षणी काठी काठी असल्याचे त्याला कळते.

'शाकुंतला'च्या सहाव्या अंकातील प्रसंग मात्र वेगळ्या प्रतीचा आहे. विरहाने व्याकूळ झालेला दुष्यंत आंब्याच्या मोहोरात मदनाचे बाण पाहतो. माधव्य आपले दंडकाष्ठ उगारून ते बाण पाडायला निघतो. राजा हसतो. कवीच्या अलंकाराला खऱ्या काठीने झोडपणे ही कल्पना एखाद्या आधुनिक समीक्षकालाही मोह पाडील अशी आहे. त्याच अंकात पुढे मातली अदृश्य रूपाने येऊन याच माधव्याला पकडतो, उचलून नेतो, त्याची मान उसासारखी पिरगळतो. माधव्य आक्रोश करतो, राजा धनुष्य घेऊन धावतो, आणि मग मातली प्रकट होऊन सांगतो : राजा खिन्न दिसला, त्याच्यात तेज चेतवावे म्हणून हे केले. राजाची खिन्नता गेली, इंद्राचे काम झाले. मातलीचे स्वागत होते.

टीकाकारांनी या प्रसंगाचा विचार बहुधा राजाच्या बाजूने केला आहे : करुणाकडून वीराकडे संक्रमण, सातव्या अंकाची सिद्धता. रचनेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण कालिदासाने माधव्याच्या तोंडी एक तक्रार ठेवली आहे, जिचा आशय असा की यज्ञातल्या पशूसारखे ज्याने मला मारत आणले त्याचे हा स्वागत करतो आहे. प्रेक्षक या तक्रारीलाही हसतात. वेदना खरी होती की नाही, हे तेथे एकट्या माधव्यालाच ठाऊक आहे. त्याला 'पुरे' म्हणायला सवड नव्हती, आणि म्हटले तरी ऐकणारा अदृश्य होता. ज्याची काठी कोणालाही लागू शकत नाही तो मोहोरावर ती उगारतो तेव्हा हास्य निष्पाप असते; त्याच माणसाची मान दुसऱ्याच्या रसनिष्पत्तीसाठी पिरगळली जाते तेव्हा रंगावरचा प्रसंग तितकाच लुटुपुटीचा राहतो, पण त्या हास्याचे मोल कोणी दिले हा प्रश्न मागे उरतो, आणि कालिदासाने तो नाहीसा केलेला नाही, केवळ लहान ठेवला आहे. राजा स्वर्गाकडे निघताना माधव्याला एक निरोप देऊन अमात्य पिशुनाकडे पाठवतो. सातव्या अंकात तो दिसत नाही.